पाठच्या बहिणीची झडप

शांतलाअक्का नदीत बुडाल्या, आणि त्यांना बाहेर काढलं ते त्यांनीच पोहायला शिकवलेल्या बायकांनी.

जानेवारी २०४१. कुरणवाडीच्या घाटावर कृष्णेचं पाणी संथ होतं. शांतलाअक्का मगदूम, वय सदुसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, गेली दहा वर्षं दर हिवाळ्यात गावातल्या बायकांना पोहायला शिकवत होत्या. दोन हजार तीसच्या महापुरात गावातल्या निम्म्या बायका छतावर बसून नुसत्या रडत होत्या, कारण पाणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पाणी ओसरल्यावर अक्कांनी काष्टा घातला, पाठीला वाळका भोपळा बांधून दाखवला आणि म्हणाल्या, "पूर परत येणार. आपण तेवढ्यात शिकून घेऊ."

त्या दिवशी सात जणी मागं होत्या. अक्का पुढं. अर्धी नदी पार झाली आणि छातीत कुणीतरी दोरी आवळल्यासारखं झालं. वर्षभर जिना चढताना असंच व्हायचं. अक्का ते वयावर ढकलत आल्या होत्या. या वेळी दोरी सुटली नाही. समोरचा काठ पिवळा दिसला, मग काळा.

शुद्ध आली तेव्हा त्या वाळूवर पालथ्या होत्या आणि कुंभारांची सून त्यांच्या पाठीवर थापट्या मारत रडत होती.

"वेणी धरून ओढलं, अक्का. तुम्हीच सांगितलं होतं ना, बुडणाऱ्याला समोरनं धरायचं नाही, मागनं वेणी धरायची."

"बरोबर धरलीस," अक्का म्हणाल्या. आणि परत डोळे मिटले.

मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तहसीन शिकलगार यांनी त्यांच्या छातीवर यंत्र फिरवलं. बाई चाळिशीतल्या, बोलणं मिरजेचं, हात हलके. पडद्यावर अक्कांचं हृदय उघडमीट करत होतं.

"हे बघा, आजी. हृदयातून रक्त अंगभर जातं ते या दारातून. दाराला तीन पाकळ्या असतात. निरोगी माणसात त्या उघडल्या की रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान भोक तयार होतं. तुमच्या पाकळ्यांवर चुना साचलाय. भोक आता शर्टाच्या बटणाएवढंच उरलंय. हृदय बिचारं तेवढ्यातून सगळं रक्त ढकलतंय. तुम्ही पोहायला लागलात, हातापायांनी जास्त रक्त मागितलं, ते आलं नाही. मग मेंदूला कमी पडलं."

"म्हणून चक्कर."

"म्हणून. आणि चक्कर यायला लागली म्हणजे हा आजार थांबायचा नाही. औषधानं हा चुना निघत नाही. झडप बदलली नाही तर मी तुम्हाला फार तर दोन वर्षं सांगीन. तीही घरात बसून."

अक्कांचे यजमान बाळगोंडाअण्णा शेजारी बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "छाती फाडायला लागंल का?"

"नाही हो अण्णा. ते जुनं झालं. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची. नळीत मिटलेल्या छत्रीसारखी घडी घातलेली नवी झडप. जुन्या झडपेच्या मधोमध ती उघडायची. जुनी तिथंच भिंतीला दाबली जाते आणि नवी काम करायला लागते. बाईंना भूलसुद्धा पूर्ण द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी घरी."

"मग करून टाकू," अण्णा म्हणाले.

"ती झडप कशाची असते?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं. अक्कांच्या कपाळावरचं गंध आणि कागदावरचं जैन आडनाव त्यांनी आधीच वाचलं असावं.

"गाईच्या किंवा डुकराच्या हृदयाभोवती जो पातळ पडदा असतो, त्याची."

"मग नको."

"अगं पण…" अण्णा.

"जन्मभर सूर्य मावळल्यावर पाणी प्यायले नाही ते चिलटं मरू नयेत म्हणून. आणि आता गाईचं काळीज सोलून माझ्यात बसवू? नको, डॉक्टरीणबाई. तुमच्यावर राग नाही."

"राग कसला," डॉक्टर म्हणाल्या. "लाखो माणसं त्या झडपेवर जगलीत, आणि तुमचा विचार बदलला तर ती उद्याही आहे. पण एक नवी गोष्ट आहे. आमच्या इथं गेल्या दोन वर्षांत एकतीस जणांना बसवलीय."

नवी झडप प्रयोगशाळेत वाढवायची होती. धातूच्या नाजूक जाळीवर आधी साखरेच्या पाकासारख्या तंतूंची तीन पाकळ्यांची वीण विणतात. हे तंतू शरीरात काही महिन्यांत विरघळून जातात. त्यावर माणसाच्या पेशी पेरतात. पेशी तंतूंना धरून बसतात आणि हळूहळू आपलं स्वतःचं चिवट कापड विणायला लागतात. पण नुसत्या बशीत ठेवल्या तर त्या आळशी राहतात. म्हणून झडप कोमट द्रवाच्या टाकीत बसवतात आणि पंपानं ठोके देतात, मिनिटाला सत्तर. ओढ बसली की पेशी कापड घट्ट विणतात, ओढीच्या दिशेनंच विणतात. सहा आठवड्यांनी घडी घालून नळीत भरायची. पुढं अंगात गेल्यावर तंतू विरतात आणि राहते ती जाळीवरची जिवंत झडप. फाटली तर स्वतःला सांधणारी.

"पेशी कुणाच्या?" अक्कांनी विचारलं.

"तुमच्याच. दंडातून चिमूटभर."

अक्का पहिल्यांदा हसल्या. "मग घ्या की."

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी दोघांना मिरजेला बोलावून दाखवलं. काचेच्या टाकीत एक झडप उघडत होती, पण अर्धीच. पाकळ्यांच्या कडेला पांढरे कण चमकत होते.

"ज्या पेशींनी तुमच्या हृदयात चुना घातला, त्याच स्वभावाच्या पेशी आहेत ह्या," डॉक्टर म्हणाल्या. "वय झालं आणि हा आजार जडला की त्या हाडाचे धडे गिरवायला लागतात. एकतिसांपैकी चौघांचं असं झालं. मग आम्ही सख्ख्या नात्यातल्या पेशी घेतल्या."

प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांनी समजावलं. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. खुणा जुळल्या नाहीत तर शरीर नव्या झडपेला परकी समजून मारायला धावतं. मुलाच्या खुणा आईशी निम्म्याच जुळतात. सगळ्या जुळायच्या तर त्या सख्ख्या भावंडाच्याच, आणि तेही चारात एकदा.

"कुणी आहे सख्खं?"

अण्णांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का टाकीकडं बघत राहिल्या.

"एक बहीण आहे," अण्णा म्हणाले. "पाठची. तेरा वर्षांनी लहान."

"मग बोलवा की त्यांना."

"ती येणार नाही," अक्का म्हणाल्या.

पद्मल आईच्या उतारवयात झालेली. आई सदा आजारी, त्यामुळं तिला वाढवलं अक्कांनीच. वेणी घातली, पाढे शिकवले, कृष्णेत ढकलून पोहायला लावलं. अक्कांचं लग्न कुरणवाडीत झालं. पुढं त्यांनीच खटपट करून पद्मललाही त्याच गावात दिलं, सुकुमार चौगुल्यांच्या घरी. दोन गल्ल्यांचं अंतर. वीस वर्षं सणवार एकत्र झाले.

मग तीसचा पूर आला. गावात सरकारी रबरी बोट एकच होती आणि ती चालवायचं धाडस असलेल्या शांतलाअक्काही एकच. चौगुल्यांचं घर सिमेंटचं, दोन मजली. पलीकडच्या गल्लीत मातीच्या भिंतींच्या घरात सात माणसं कौलांवर बसली होती. अक्का आधी तिकडं गेल्या. सातही वाचली. पण बोट परत येईपर्यंत सव्वा तास गेला. तेवढ्यात पद्मलचा नवरा सुकुमार गोठ्यातल्या दोन म्हशींची दावी सोडायला छातीभर पाण्यात उतरला आणि प्रवाहानं त्याला नेलं. प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं.

दहाव्याला पद्मल सगळ्यांसमोर म्हणाली होती, "सख्खी बहीण दारावरनं बोट घेऊन गेली आणि थांबली नाही." अक्का उठून घरी आल्या. त्यानंतर पद्मल लेकीला घेऊन जयसिंगपूरला गेली, तिथं तिनं रोपवाटिका काढली. अकरा वर्षं झाली. बातम्या येत होत्या, माणसं जात नव्हती.

घरी आल्यावर अण्णांनी मुगाचं वरण लावलं आणि चुलीकडं तोंड करूनच बोलले.

"गाईची बसवून घे. पाप माझ्या माथी. मी मंदिरात जाऊन बोलतो."

"पाप असं वाटून घेता येत नाही."

"मग पद्मलकडं जा."

"ती मला दारात उभी करणार नाही."

"बघितलंस का जाऊन कधी?"

अक्कांनी पानातला भात चिवडला. अकरा वर्षं त्या गेल्या नव्हत्या, कारण त्या बरोबर होत्या. सात माणसं मातीच्या घरावर आणि तीन सिमेंटच्या. कुणीही हाच हिशेब केला असता. बरोबर असलेल्या माणसानं आपण होऊन का जायचं, या एका प्रश्नावर त्यांची अकरा वर्षं गेली होती.

"उद्या सकाळची एसटी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

रोपवाटिका जयसिंगपूरच्या बाहेर, हिरव्या जाळीखाली होती. पद्मल एका बाकड्यावर बसून पात्यानं रोपं कापत होती. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोचा शेंडा बसवायचा आणि चिमट्यानं धरायचा, हे कलमाचं काम. केस पांढरे झाले होते. अक्कांनी ओळखलं ते तिच्या मान झुकवण्याच्या लकबीवरून.

"पद्मल."

पात्याचा हात थांबला नाही. तेवढं रोप चिमट्यात बसवून झाल्यावरच तिनं वर पाहिलं.

"एवढं वाळलीस? काय झालं?"

अक्कांना वाटलं होतं ती ओरडेल किंवा तोंड फिरवेल. या प्रश्नाची तयारी नव्हती. त्या पिशव्यांच्या थप्पीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं: नदी, चुना, गाय, टाकीतली झडप, चारात एक. मध्ये दोनदा दम घ्यायला थांबल्या. पद्मल ऐकत होती.

"म्हणजे खुंट तुझा आणि शेंडा माझा," ती म्हणाली.

"तसंच काहीतरी."

"पेशी देते मी. त्यात काय, चिमूटभर कातडी. पण एक सांग, अक्का. तू आलीस ती पेशींसाठी आलीस ना?"

खोटं बोलायची सवय अक्कांना नव्हती.

"हो."

"झडप बिघडली नसती तर आली नसतीस."

"नसते आले. मी बरोबर होते, म्हणून आले नाही."

पद्मलनं पातं खाली ठेवलं. "तू बरोबर होतीस हे मला पाणी उतरायच्या आधीच कळलं होतं. ती सात माणसं मीही बघितली होती खिडकीतनं. मी दहाव्याला जे बोलले ते दुःखात बोलले. तू उठून गेलीस. मी म्हटलं उद्या येईल. परवा येईल. मला कुणी बरोबर नको होतं, अक्का. मला माझी बहीण पाहिजे होती. वर्षभर मी दाराची कडी आतनं लावली नाही."

अक्कांना एक गोष्ट सांगायची होती. पुराच्या दिवसाची. ती ओठांपर्यंत आली. पण इथं, पेशी मागायला आलेल्या तोंडानं ती सांगितली असती तर तो सौदा झाला असता. त्यांनी ती गिळली.

"मग नकोच," त्या उठत म्हणाल्या. "तुझ्या पेशी नकोत. अशा कामासाठी आले हे चुकलंच. मी माझं बघून घेईन."

"बस खाली!"

जाळीखालच्या दोन कामकरी बायकांनी वळून पाहिलं.

"परत तेच," पद्मल म्हणाली. "माझं लग्न कुठं करायचं ते तू ठरवलंस. बोट कुठं न्यायची ते तू ठरवलंस. भांडायचं का गप्प बसायचं तेही तूच. आता मी द्यायचं का नाही, हेही तूच ठरवणार? कातडी माझी आहे ना? मग मी ठरवते. मंगळवारी येते मी मिरजेला. तू फक्त पत्ता दे आणि तोंड बंद ठेव."

अक्का बसल्या. तोंड बंद ठेवलं. आयुष्यात त्यांनी कुणाचं ऐकलं असेल तर ते असं, पिशव्यांच्या थप्पीवर बसून.

तपासणीचा निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत अक्का एकदा न्हाणीघरात कोसळल्या आणि अण्णांनी दाराची कडी काढून टाकली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः फोन केला.

"सगळ्या खुणा जुळल्या, आजी. एकही चुकलेली नाही. आणि पेशी चांगल्या आहेत. चुन्याकडं अजिबात कल नाही."

अण्णा मंदिरात धावले. अक्कांनी पद्मलला फोन लावला.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

"मला कळवलंय डॉक्टरीणबाईंनी. आधी मलाच केला फोन," पद्मल म्हणाली. त्यात थोडा तोरा होता. अक्कांना तो तोरा ओळखीचा वाटला. पहिल्यांदा नदी पार करून आलेल्या सात वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर तो असायचा.

चौथ्या आठवड्यात पद्मल टाकी बघायला गेली. अक्कांना प्रवास मना होता. त्यांना फोनच्या पडद्यावर दिसत होतं. काचेमागं तीन फिकट गुलाबी पाकळ्या मिटत होत्या, उघडत होत्या. पूर्ण उघडत होत्या. पद्मल इतकी जवळ गेली की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

"हे माझं?" तिनं विचारलं.

"तुमच्या दंडातून निघालं. आता मात्र स्वतःचं स्वतः विणतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"ठोके कमी-जास्त करता का?"

"करतो. शेवटच्या आठवड्यात वाढवतो. चढ चढताना लागतील तेवढे."

"पोहताना लागतील तेवढे करा," पद्मल म्हणाली. "ती ऐकायची नाही. सोडल्याबरोबर नदीत जाणार."

पडद्याच्या अलीकडं अक्कांनी पदर तोंडाला लावला.

झडप बसवली ती एप्रिलच्या एका सकाळी. खोली थंडगार होती. अक्का जाग्या होत्या. जांघेत बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं तेवढंच. वरच्या पडद्यावर त्यांच्याच छातीत एक तार शिरताना दिसत होती, ओढ्यातल्या पाणसापासारखी.

"आता थोडा वेळ चमत्कारिक वाटेल," डॉक्टर तहसीन म्हणाल्या. "झडप उघडताना रक्ताच्या धारेनं ती हलायला नको. म्हणून हृदयाला दहा-बारा सेकंद इतकं जोरात पळवायचं की ते नुसतं थरथरेल, रक्त पुढं जाणार नाही. घाबरू नका. तुम्ही पोहणाऱ्या आहात. बुडी मारलीय असं समजा."

"किती खोल?"

"आकडे मोजा. बारापर्यंत."

अक्कांनी मोजायला सुरुवात केली. चारला छातीत पाखरू फडफडलं. सहाला खोलीतले आवाज लांब गेले. सातला काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात त्यांना सुकुमार दिसला, गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून उभा. नऊ मोजला की नाही ते त्यांना नंतर आठवेना.

मग पाय गरम झाले.

ही गोष्ट पुढं त्या कितीतरी जणांना सांगत राहिल्या. आधी तळपाय, मग बोटं, मग कान. अंगात कुणीतरी दिवे लावत वर येतंय असं वाटलं. किती वर्षं आपले पाय थंड होते हे त्यांना तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बघा, आजी. एवढी उघडतेय. हृदयावरचा दाब एका मिनिटात चौथ्या हिश्शावर आला." मास्कच्या वरचे त्यांचे डोळे ओले होते. "बत्तिसावी आहे माझी. दर वेळी असंच होतं मला, हसू नका."

काचेच्या दारापलीकडं अण्णा आणि पद्मल शेजारी शेजारी बसले होते. डॉक्टर दार उघडून बाहेर आल्या. पद्मलनं विचारलं, "चालतेय का माझी?"

"धावतेय," डॉक्टर म्हणाल्या.

अक्का सहा दिवसांनी अंगणात चालल्या, तीन आठवड्यांनी देवळापर्यंत. डॉक्टरांचा हुकूम स्पष्ट होता: ही झडप बसून राहिली तर तिचं विणकाम थांबेल. रोज थोडी ओढ द्यायची, रोज कालच्यापेक्षा चार पावलं जास्त. अण्णांना हे पटायला वेळ लागला. ते आजाऱ्याची सेवा करायला तयार होते आणि आजारी माणूस चपला घालून दारात उभं असायचं. शेवटी तेही बरोबर चालायला लागले आणि दुसऱ्याच कोपऱ्यावर धापा टाकायला लागले. "माझीही तपासून घेऊ का?" असं ते रोज म्हणत.

तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत आधाराचे तंतू जवळजवळ विरले होते. राहिलं होतं ते विणलेलं कापड. त्या दिवशी मिरजेहून अक्का घरी परतल्या नाहीत. त्यांनी अण्णांना एसटीत बसवून दिलं आणि स्वतः जयसिंगपूरची गाडी धरली.

पद्मल रोपांना पाणी देत होती. "काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"म्हणाल्या झकास आहे. पद्मल, आज माझं काही काम नाही तुझ्याकडं. काही मागायला आले नाही. एक सांगायला आले आहे."

पद्मलनं नळ बंद केला.

"त्या दिवशी मी बोट घेऊन तुमच्या दारावरनं गेले, तेव्हा थांबले होते. तुमच्या जिन्यापाशी बोट लावली होती. सुकुमार गच्चीत एकटा होता. तू आत होतीस."

"मी कागद बांधत होते. पोरीची पुस्तकं…"

"त्याला म्हटलं, चला, तिघं बसा. तो म्हणाला, 'अक्का, आधी तिकडं जावा. ते घर बसाय लागलंय. आमचं पक्कं आहे, आम्ही काय वाहून जात नाही.' मी म्हटलं, पद्मलला विचार. तर म्हणाला, 'ती मला वेडं म्हणंल आणि मग तुम्हाला स्वतः ढकलून तिकडं पाठवंल. वेळ जाईल नुसता. जावा.' आणि जिना उतरून काठीनं बोट ढकलली त्यानं. स्वतः."

जाळीवरून पाणी ठिबकत होतं.

"दहाव्याला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? माझ्यावरचा बोल उतरवून मेलेल्या माणसावर ठेवायचा? लोक म्हणाले असते, बरी सापडली सबब. आणि पुढं… पुढं मानच आडवा आला माझा. माझ्याकडं त्याचे शब्द होते आणि मी ते अकरा वर्षं दाबून बसले. ते तुझे होते. एवढंच चुकलं माझं, पण ते लहान नाही."

पद्मल बाकड्यावर बसली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला, आणि अक्कांना वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती, आणि रडतही होती.

"मला विचारलं नाही," ती म्हणाली. "बघ की. घरात कधी काही विचारलं नाही या माणसानं. म्हैस घेतली तेव्हा नाही, पंप विकला तेव्हा नाही. आणि जातानासुद्धा… 'ती मला वेडं म्हणंल' म्हणाला?"

"हो."

"म्हटलंच असतं. वेडाच होता." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि मग तुला ढकलून पाठवलं असतं, हेही खरं. ओळखून होता मला. मी इतकी वर्षं समजत होते की जाताना त्याच्या मनात काय होतं ते कुणालाच माहीत नाही. भ्याला होता का, मला हाका मारत होता का. तेच डोक्यात फिरायचं."

"भ्याला नव्हता. हसत होता. ओले केस मागं सारून हसत होता."

पद्मल उठली. तिनं अक्कांच्या दंडाला धरलं आणि वाफ्यांमधल्या लांब वाटेवर त्यांना घेऊन चालायला लागली.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. बोट काढलीस तिथपासून. त्याच्याच शब्दांत सांग, गाळू नकोस काही."

अक्कांनी सांगायला सुरुवात केली. वाट संपली तेव्हा त्या सांगता सांगता चौगुल्यांच्या जिन्यापर्यंत आल्या होत्या. पद्मलनं त्यांना वळवलं, आणि दोघी पुन्हा दुसऱ्या टोकाकडं निघाल्या.